गाडी जुनी चालेल, कागद जुने नकोत



मागच्या व्हिडिओत मी सहज बोलून गेलो की माझ्याकडे अजून २००९ ची वॅगनआर आहे आणि ती बदलायचा विचार नाही. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, आम्हाला धंदा वाढवायला शिकवता आणि स्वतः एवढी जुनी गाडी चालवता?"

हो, चालवतो. आधी साधा हिशोब बघा. सात लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं, म्हणजे हप्ता साडेचौदा हजारांच्या आसपास. माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. तेवढ्या पैशांची वायर आणि स्विच मी दर महिन्याला भरले तर ते विकून चार पैसे परत येतात. हप्ता परत येत नाही. माझी वॅगनआर मी दीड लाख रोख देऊन घेतली. बँकेचा एक रुपया नाही.

पण आजचा मुद्दा हप्त्याचा नाही. जुनी गाडी घेणारे आपण लोक एक मोठी चूक करतो, आणि ती माझ्या घरात झालेली आहे.

३८ हजारांची गाडी, १ लाख ४० हजारांचा भुर्दंड

वडिलांनी २०१२ साली आमची मारुती ८०० विकली. ३८ हजार रोख मिळाले. घेणारा ओळखीतलाच. "फॉर्मवर सह्या करून द्या काका, नावावर करायचं मी बघतो." वडिलांनी सह्या केल्या, चावी दिली, विषय संपला.

तीन वर्षांनी घरी नोटीस आली. त्या गाडीने एका मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं, त्याचा पाय मोडला होता. गाडी अजून वडिलांच्याच नावावर. विमा कधीच संपलेला. घेणाऱ्याने गाडी पुढे विकलेली आणि तो हात वर करून मोकळा. शेवटी तडजोडीत वडिलांनी १ लाख ४० हजार भरले. त्या जखमी माणसाची तरी काय चूक? त्याला पैसे मिळायलाच हवे होते. फक्त ते विमा कंपनीने द्यायला हवे होते, माझ्या बापाच्या एफडीने नाही.

कायदा इथे स्पष्ट आहे. ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं: गाडी कितीही हात फिरलेली असो, आरटीओत नाव ज्याचं, जबाबदारी त्याची. म्हणून विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून घरी जाऊ नका. आरसी बुकवर नवं नाव चढेपर्यंत पाठपुरावा करा. आणि तुम्ही घेणारे असाल तर १४ दिवसांच्या आत विमाही स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या.

"गाडीच ऐंशी हजारांची, विमा कशाला?"

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. अहो, थर्ड पार्टी विमा तुमच्या गाडीसाठी नसतोच. तो समोरच्यासाठी असतो. ऐंशी हजारांची गाडी आणि वीस लाखांची गाडी, दोघींच्या धडकेने पाय सारखाच मोडतो. त्यामुळे गाडी जुनी झाली म्हणून ही जोखीम एक रुपयानेही कमी होत नाही.

आणि खर्च किती? जून २०२२ पासून लागू झालेले वर्षाचे दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये, त्यावर ७,८९७ रुपये. वर जीएसटी. गाडी कितीही जुनी असली तरी दर तोच. विमा नसताना पकडलं तर पहिल्यांदाच २,००० रुपये दंड, म्हणजे छोट्या गाडीचा जवळजवळ वर्षाचा हप्ताच.

जुनी गाडी घेताना ही सीसीसुद्धा बघा. माझी वॅगनआर १०६१ सीसीची, म्हणून मला मधला दर पडतो. २०१० नंतरचं ९९८ सीसीचं इंजिन असतं तर दरवर्षी तेराशे वाचले असते. घेताना मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग फुल इन्शुरन्स घ्यायचा का?

इथे माझं मत बऱ्याच एजंटांना आवडणार नाही. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. गाडी दहा वर्षांपुढची असेल तर क्लेममध्ये धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. रबर-प्लास्टिकवर तर ५० टक्के कापतातच. समजा प्लास्टिकचा बंपर ६,००० चा. त्यातले ३,००० घसाऱ्यात गेले, १,००० सक्तीची वजावट. हातात २,०००, आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस गेला.

म्हणून लाख-दीड लाखाच्या गाडीला मी थर्ड पार्टी घेतो आणि महिन्याला १,५०० रुपये वेगळ्या खात्यात टाकतो. टायर, बॅटरी, क्लच, टायमिंग बेल्ट, सगळं त्यातून. पण तुमची गाडी रस्त्यावर उभी राहत असेल, चोरीची किंवा पुराच्या पाण्याची भीती असेल, तर फुल घ्या. सांगली-कोल्हापूरकरांना २०१९ चा पूर आठवत असेल. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही विसरू नका. तुमच्यामागे घर आहे.

दुकानदारांनी हे नीट वाचा

खासगी गाडीच्या पॉलिसीत गाडीचा वापर कशासाठी, हे लिहिलेलं असतं. विक्रीचा माल वाहून नेणं त्यात बसत नाही, नमुने आणि स्वतःचं सामान चालतं. मागची सीट पाडून गिऱ्हाइकाकडे वायरची बंडलं पोचवणारे आपण सगळे इथे फसू शकतो. मी ते बंद केलं. माल टेम्पोने जातो, भाडं बिलात लावतो.

अजून एक गैरसमज. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हा दिल्लीकडच्या नियमांवरून पसरलेला समज आहे. आपल्याकडे पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी तपासून नोंदणी पाच वर्षं वाढवता येते. २०२२ पासून कारची फी ५,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. गाडी घेताना हा खर्च किमतीतून वजा करून घासाघीस करा. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी टायर म्हातारा असू शकतो.

एवढं केलं की मग मजा घ्या. रविवारी सकाळी सहाला आम्ही कराडहून निघतो, पाटणवरून कोयनानगर. एसी धापा टाकतो म्हणून काचा खाली. मागे मुलगी, शेजारी बायको, थर्मासमध्ये चहा. घासलं तरी पोटात गोळा येत नाही, कारण हप्ता नाही. आणि समोर पोलीस दिसला तरी पोटात गोळा येत नाही, कारण कागद पक्के आहेत.

वडिलांनी त्या नोटिशीनंतर परत कधी गाडी घेतली नाही. चालवायची त्यांना फार हौस होती. आता कोयनेच्या रस्त्याला त्यांना पुढे बसवतो, ते गिअर कधी टाकायचा ते मला सांगत बसतात.

आज दुकान बंद केल्यावर एकच काम करा. गाडीचा डॅशबोर्ड उघडा, विम्याची तारीख आणि आरसीवरचं नाव वाचा. पूर्वी विकलेली गाडी असेल, तर ती अजून कोणाच्या नावावर आहे तेही तपासा.