स्टेशन सजेल, गावाचे काय?

पुणे जिल्ह्यात रेल्वेने मोठे केलेले गाव कोणते, असे विचारले तर जुना माणूस पटकन दौंडचे नाव घेईल. १८५८ साली मुंबईचा लोहमार्ग पुण्याला पोहोचला आणि तेथून सोलापूरच्या दिशेने पुढे सरकला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. १९१४ मध्ये बारामतीची छोटी गाडी धावू लागली आणि भीमेकाठचे हे गाव चार दिशांचे जंक्शन बनले. रेल्वेच्या वसाहती उभ्या राहिल्या, नोकरीसाठी दूरदूरची माणसे येथे येऊन राहिली आणि आजूबाजूच्या खेड्यांहून वेगळी अशी या गावाची तऱ्हा झाली.

जंक्शनचे गाव थांबणाऱ्या माणसांवर जगते. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन सुटायचे आणि उलट बाजूला जोडले जायचे. तेवढ्या वेळात चहा व्हायचा, जेवणाचा डबा उघडायचा. गाडी बदलणाऱ्याला तर तासन् तास काढावे लागत. प्रवाशाचा हा खोळंबा म्हणजे स्टेशनसमोरच्या चहावाल्याची, फळवाल्याची, टांगेवाल्याची रोजीरोटी होती.

आता हा खोळंबा संपत आला आहे. पुणे-दौंड मार्ग विजेवर आला, २०१७ साली त्यावर डेमू गाड्या सुरू झाल्या. पुढे कॉर्ड लाइन झाली आणि पुणे-मनमाड मार्गावरच्या कितीतरी गाड्या मुख्य स्थानकात न येता बाहेरच्या बाहेर जाऊ लागल्या. हजारो प्रवाशांचा वेळ वाचला, तेव्हा याबद्दल तक्रार करणे योग्य नव्हे. मात्र दौंडच्या माणसाला त्या गाड्यांसाठी मुख्य स्थानक सोडून कॉर्ड लाइनच्या वेगळ्या स्थानकावर जावे लागते. गाडी गावाला वळसा घालून जाते आणि गावकऱ्याने गाडीच्या मागे जायचे, असा हा उलटा प्रकार आहे!

अशा वेळी ‘अमृत भारत’ योजनेतून स्थानकांचे रूप पालटू लागले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये देशभरातल्या ५०८ स्थानकांच्या कामाचा प्रारंभ झाला. २२ मे २०२५ रोजी ज्या १०३ नूतनीकृत स्थानकांचे उद्‌घाटन झाले, त्यांत दौंड तालुक्यातले केडगाव आणि शेजारचे बारामती ही स्थानके होती. योजनेच्या यादीत दौंडही आहे. चांगले प्रतीक्षागृह, सरकते जिने, लिफ्ट, स्वच्छ प्रसाधनगृहे यांना कोण नाही म्हणेल? म्हाताऱ्या आईला घेऊन पादचारी पुलाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला लिफ्टचे मोल सांगावे लागत नाही. प्रश्न स्टेशनच्या फाटकाबाहेर सुरू होतो.

दौंड रुळांच्या दोन्ही अंगांना पसरले आहे. इकडून तिकडे जायला कुरकुंभ मोरीचा रस्ता, आणि तेथल्या कोंडीचा विषय निघाला नाही असा दौंडकर विरळा. शाळेची मुले, रुग्णवाहिका, मालाचे ट्रक, सगळ्यांची वाट तीच. स्टेशनची इमारत कितीही देखणी झाली तरी गावाची दोन अंगे एकमेकांना नीट जोडली गेली नाहीत, तर गावाच्या पदरात काय पडले?

आता शिरूरकडे पाहा. घोडनदीच्या या गावाला रेल्वेच नाही. त्याचे सारे जगणे पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचे; वर्दळ एसटी स्टँडची आणि बाजारपेठेची. जवळच रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. म्हणून शिरूरचा रेल्वेशी संबंध नाही असे मात्र नव्हे. तालुक्याच्या दक्षिण भागातला माणूस न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याने केडगावला येऊन गाडी धरू शकतो. म्हणजे केडगावचे नवे स्थानक जितके केडगावचे, तितकेच न्हावऱ्याचेही आहे. मग एसटीची वेळ गाडीच्या वेळेशी जुळते का? संध्याकाळच्या गाडीने पुण्याहून परतणाऱ्या नोकरदार बाईला स्टेशनबाहेर उजेड आणि घरापर्यंतचे वाहन मिळते का? स्थानकाच्या विकासाची खरी परीक्षा या प्रश्नांत आहे.

अडचण मालकीची आहे. रूळ आणि आवार रेल्वेचे, गल्ल्या नगरपरिषदेच्या, मोठे रस्ते बांधकाम खात्याचे, बस महामंडळाची. प्रत्येकाचा आराखडा वेगळा आणि निधीही वेगळा. नवी मुंबईत हे निराळ्या रीतीने झाले. तेथे सिडको शहर वसवत होती आणि रेल्वेमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटाही तिनेच उचलला. १९९२ साली मानखुर्द-वाशी मार्ग सुरू झाला, तेव्हा स्टेशन, बसथांबा आणि बाजार यांचा विचार एका टेबलावर झालेला होता. दौंडला सिडको येणार नाही, पण टेबल एक करायला कोणाची हरकत असावी? पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत या दोन्ही तालुक्यांचा काही भाग येतोच.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा रेल्वेच्या जागेला लागू नाही. आवाराची आखणी करताना वर्षानुवर्षे तेथे बसणारा फळवाला ‘अतिक्रमण’ ठरला, तर दाद मागायला त्याला हा कायदा उपयोगी पडत नाही. फाटकाबाहेरची जागा नगरपरिषदेने त्याच्यासाठी आधीच राखली, तरच तो टिकेल. आधी हटवायचे आणि मग जागा शोधायची, या क्रमाने आजवर कोणाचे पुनर्वसन झाले आहे?

थांबणाऱ्या प्रवाशावर जगण्याचे दौंडचे दिवस सरले. यापुढे हे स्टेशन रोज पुण्याला जाऊन परत येणाऱ्या पासधारकांचे आणि भोवतालच्या खेड्यांचे आहे. म्हणून दौंडच्या कामात रेल्वेने, नगरपरिषदेने आणि एसटीने एकत्र बसून चार गोष्टी आधी ठरवाव्यात: दोन्ही बाजूंनी प्रवेश, दाराशी बस, कॉर्ड लाइनच्या स्थानकापर्यंत नियमित वाहन आणि विक्रेत्यांची पक्की जागा. दर्शनी भिंतीचा रंग त्यानंतर ठरवला तरी चालेल.