मण्याचे मोल

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचे नाव निघाले की आपली गाडी थेट प्राचीन भोगवर्धनात जाते. १९७३च्या उत्खननात तिथे काचेचे मणीही सापडले, हे आपण अभिमानाने सांगतो. मग एखाद्या प्रदर्शनात आजचा हाताने घडवलेला मणी उचलतो आणि विचारतो, “एवढ्याशा मण्याचे एवढे?”

हो, एवढेच. ज्योतीवर मणी काही मिनिटांत घडतो. टिकाऊ होतो तो नंतरच्या तासांत. साधी सोडा-लाइम काच सुमारे ५०० अंश सेल्सिअसला भट्टीत धरून सावकाश निववावी लागते. घाईने गार केली तर आत ताण राहतो आणि मणी आज ना उद्या तडकतो. भट्टीची वीज, हा वेळ, फुटलेला माल किमतीत धरायचा नाही तर कुठे?

घासाघीस करून आपण कारागिराचा नफा नव्हे, हे निववणेच कापतो. ते टाळून केलेला मणी तडकला की “हाताच्या कामाचा भरवसा नाही” म्हणायला आपण मोकळे! जुन्या मण्यांचा अभिमान फुकट मिळतो. नव्या मण्याला पुरते दाम द्या. नाहीतर भोगवर्धनाच्या गप्पा तरी थांबवा.