दैव, पत्रिका आणि पुरावा

वैभववाडीच्या पेठेंत नवें दुकान उघडावयाचें असो कीं मुलीचें लग्न जुळवावयाचें असो, पुष्कळ घरांत पहिला शब्द पत्रिकेचा असतो. घडावयाचें तें जन्मकाळींच ठरलें, हें त्यांत गृहीत असतें. हा दावा शास्त्राच्या कसोटीस लावतां येतो काय? २००८ सालीं पुण्यांत डॉ. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनीं तो लावून पाहिला. १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून त्यांतील ४० प्रत्येक ज्योतिष्याकडे धाडल्या. कोणती कोणाची तें सांगावयाचें. उत्तरें २७ जणांनीं पाठविलीं. बरोबर निघालीं तीं सरासरी शेंकडा ४६. नाणें उडविलें असतें तरी निम्मीं साधलीं असतीं!

एवढ्यावरून मनुष्य स्वतंत्र ठरला, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. ग्रहांचें बंधन गेलें तरी मेंदूचें राहतेंच. १९८३ सालीं अमेरिकेंत बेंजामिन लिबेट यांनीं मोजून दाखविलें कीं, हात हलविण्याची इच्छा मनास जाणवण्यापूर्वीं सुमारें एकतृतीयांश सेकंद मेंदूंत तयारी सुरू होते. तिचा अर्थ काय, यावर पंडितांचा वाद अद्याप चालूच आहे. लोकमान्यांनीं ‘गीतारहस्यां’त कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांना सबंध एक प्रकरण दिलें, तें उगाच नव्हे. तो वाद यंत्रानें मिटेलसें आम्हांस वाटत नाहीं. पण पत्रिकेचा प्रश्न इतका गहन नाहीं. तो तपासतां येतो, आणि तपासला गेला आहे. तेव्हां मंगळाचें नांव सांगून सालस मुलगी नाकारणाऱ्या वरपित्यानें आपला पुरावा आधीं पुढें मांडावा.