उच्चार आणि आपलेपणा

२० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी मुंबईत वारले. त्यांचे वय ९१ होते. त्या रात्री आमचे आजोबा उशिरा जेवायला बसले. ‘आपला मानूस गेला,’ एवढेच म्हणाले. सयानींना त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांची हिंदीही आजोबांना पुरती कळत नसे. गावातल्या शिंप्याच्या दुकानात रेडिओ होता आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता त्यावर रेडिओ सिलोन लागे, तेवढीच काय ती ओळख. आवाज मध्येच खोल जाई, पुन्हा वर येई, पण एकही माणूस उठत नसे, असे आजोबा सांगतात. ज्याला कधी पाहिले नाही, ज्याची भाषाही आपली नाही, त्याला माणसे ‘आपला’ का म्हणतात, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

सयानींचा जन्म २१ डिसेंबर १९३२ चा, मुंबईचा. थोरले बंधू हमीद सयानी हे इंग्रजी निवेदक. त्यांचे बोट धरून अमीन लहानपणीच आकाशवाणीत गेले आणि इंग्रजी कार्यक्रमांत बोलू लागले. पुढे हिंदी निवेदक व्हावे म्हणून त्यांनी आकाशवाणीत आवाजाची चाचणी दिली. तेथे त्यांना नकार मिळाला. वाचन चांगले आहे, पण उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छटा फार आहे, असे कारण त्यांना देण्यात आले. पुढे सारा देश ज्याच्या हिंदीवर लुब्ध झाला, त्याला हिंदीसाठीच दारातून परत पाठवले होते! मग सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात रेडिओ सिलोनच्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण होई, तेथे ते श्रोता म्हणून जाऊन बसू लागले. एके दिवशी जाहिरात वाचणारा आला नाही, म्हणून ती त्यांच्या वाट्याला आली. त्या कामाचा मोबदला म्हणून आठवड्याला ओव्हल्टिनचा एक छोटा डबा मिळे.

याच सुमारास दिल्लीत एक निराळा प्रयोग चालू होता. १९५२ साली नभोवाणी खाते डॉ. बा. वि. केसकर यांच्याकडे आले. केसकर आपले मराठी गृहस्थ, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांवर टीका करणे सोपे आहे. परंतु थोर गायक-वादकांची कला शनिवारच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून खेड्यापर्यंत गेली, ती त्यांच्याच काळात, हेही विसरता कामा नये. त्यांचा हेतू खोटा नव्हता. मात्र लोकांना काय आवडावे हे त्यांनी लोकांना न विचारता ठरवले. लोकांनीही वाद घातला नाही. रेडिओची सुई फिरवली आणि ते थेट सिलोनला जाऊन पोचले.

३ डिसेंबर १९५२ रोजी सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. निवेदन करणे, पत्रे वाचणे ही सारी कामे एकाच माणसाने करायची आणि आठवड्याला २५ रुपये घ्यायचे. अनुभवी मंडळी एवढ्या पैशांत तयार होईनात, म्हणून ते काम विशीतल्या अमीनकडे आले. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे ते सांगत. पुढे गीतमाला सिलोनवरून विविध भारतीवर आली, १९८९ मध्ये, आणि १९९४ पर्यंत चालली. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही भाषा त्यांना कोठे मिळाली? त्याचे उत्तर त्यांच्या घरात आहे. आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेचे काम करीत. गांधीजींच्या प्रेरणेने त्यांनी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवले. नुकतेच वाचू लागलेल्यांसाठी असलेले हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. भाषा मात्र एकच, साधी हिंदुस्तानी. अमीन या कामात आईच्या हाताखाली होते. म्हणजे ज्याला अक्षर नुकतेच ओळखू येते अशा माणसाशी कसे बोलावे, याची तालीम त्यांना माइकपुढे उभे राहण्यापूर्वीच झाली होती. ‘बहनों और भाइयों’ या त्यांच्या हाकेत बहिणी आधी येतात, हेही मला सहज झालेले वाटत नाही.

हे सर्व मी का सांगतो आहे? गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मी बोललो. विषय शेतमजुरांचा होता. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी जे केले तेच मी सांगत होतो. ‘पानी’ म्हणालो आणि मागच्या रांगेत हशा पिकला. परीक्षकांनी शेवटी शेरा मारला, ‘मुद्दे उत्तम, आधी उच्चार सुधारा.’ मी खाली बसलो आणि पुढे वर्षभर कोठेही नाव दिले नाही.

आज वाटते, त्या शेऱ्यात निम्मे खरे होते. सयानींनी नकार मिळाल्यावर ‘माझी भाषा आहे तशी घ्या’ असा हट्ट धरला नाही. त्यांनी जीभ घासली, मेहनत केली. आपणही करायला हवी. गावाकडून आलो ही सबब कायमची पुरत नाही. पण उरलेले निम्मे चूक आहे. स्पष्ट बोलणे वेगळे आणि ठरावीक घरांतले बोलणे वेगळे. पहिले शिकता येते. दुसऱ्यासाठी त्या घरात जन्मच घ्यावा लागतो. आपल्या स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन वर्षानुवर्षे दोन-चार ठरावीक चेहऱ्यांकडेच का जाते? उच्चार निर्दोष असतात, शेरोशायरीही भरपूर असते. पण मागे उभ्या असलेल्या आमच्यासारख्यांशी कोणी बोलते आहे असे वाटत नाही.

माझी गुरुजनांना एकच विनंती आहे. निवड चाचणीआधी महिनाभर, आठवड्यातून एक तास, प्रकट वाचनाचा सराव सर्वांसाठी ठेवावा. चुकणाऱ्याला थांबवावे, सांगावे आणि पुन्हा वाचायला लावावे. त्यानंतर खुशाल नाकारावे. शिकवण्याआधी नाकारू नये.

त्या यादीत यंदा मी माझे नाव देणार आहे. सध्या रोज सकाळी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचतो. आजोबा ऐकत बसतात. ‘पाणी’ आता नीट येते. आजोबा मात्र अजून ‘पानी’च म्हणतात आणि त्यांचे मी कधी दुरुस्त करणार नाही.