बाहुली वऱ्हाडी बोलेल काय?

स्नेहसंमेलनासाठी आम्ही चौघे मिळून एक लहानसा बाहुलीपट करीत आहोत, हे कानावर येताच एका मित्राने विचारले, "हे काम संगणकवाल्यांचे. बी. ए.च्या पोराचा त्यात काय संबंध?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही. ते आता देतो.

बाहुली तसूभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. सेकंदाला १२ फोटो धरले तरी एका मिनिटाचे ७२० होतात. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' अशीच केली. पण काडीला तोंड नसते, एवढी त्यांची सोय होती! बाहुलीला बोलायचे असते. मातीचे ओठ दर वेळी बोटाने दाबत बसले तर चार शब्दांत चेहऱ्याची रया जाते. म्हणून सुटे चेहरे करतात. एक काढायचा, दुसरा बसवायचा. २००९ साली आलेल्या 'कोरलाइन' या अमेरिकन चित्रपटात असे चेहरे संगणकावर घडवून यंत्रावर छापले होते. भुवयांचा भाग वेगळा, तोंडाचा वेगळा. त्यांच्या जोड्या लावून एकट्या नायिकेच्या संभाव्य मुद्रा दोन लाखांवर गेल्या. आपल्याला एवढ्या कोठून परवडणार? पण हिशेब तोच. ६ भुवया आणि ७ तोंडे केली, तर तुकडे १३ आणि मुद्रा ४२.

संगणकावर एकच मूळ डोके घडवायचे, त्याच्या प्रती काढायच्या आणि प्रत्येक प्रतीत फक्त ओठ हलवायचे. नाक, गाल, मानेची खोबण केसभरही सरकता कामा नये. नाहीतर पडद्यावर चेहरा थरथरतो. त्यासाठी लागणारे ब्लेंडर फुकट मिळते. छापण्याचे यंत्र आमच्या तालुक्यात एका शाळेत आहे. ते खोक्यातून बाहेर आले आहे की नाही, हा प्रश्न वेगळा.

पण ओठ हलवायचे ते कसे? येथे संगणक मुका होतो. तयार मिळणारे तोंडांचे तक्ते बहुधा इंग्रजी बोलण्यावर बेतलेले असतात. आपला तक्ता तर आपल्याला पहिलीपासून पाठ आहे! कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. वर्णमाला म्हणजे तोंडाच्या आतला नकाशाच. बाहेरून त्यातले थोडेच दिसते. क, ट, त हा जिभेचा खेळ. तेथे ओठ सहज उघडे असले की पुरे. प, ब, भ, म यांना मात्र ओठ मिटलेच पाहिजेत. फ आणि व यांचे एक, आ चे एक, इ-ए-य यांचे एक, मग उ आणि ओ. झाली सात. भाषाविज्ञानाचा तास असा कामी येईल, असे सरांनाही वाटले नसेल.

आता मुख्य मुद्दा. 'डोळा' म्हणताना ओठ गोल होतात आणि सरळ आ होतो. माझी माय 'डोया' म्हणते. तेव्हा ओठ गोलातून आधी कानांकडे ताणतात, मग उघडतात. एका तोंडाचा फरक! आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. एकदा चारचौघांत माझ्या तोंडून 'मले' गेले आणि सगळे हसले. तेव्हापासून मीही दोन तोंडे बाळगतो, एक येथले आणि एक घरचे. पण आमच्या गोष्टीतली म्हातारी जन्मभर कपाशी वेचणारी आहे. तिच्या चेहऱ्यावर पुस्तकी तोंड बसवणे मला खोटेपणाचे वाटते. ती वऱ्हाडीच बोलली पाहिजे, यावर माझे दोघा मित्रांशी अजून भांडण चालू आहे.

दुसरे भांडण फटीचे. भुवया आणि तोंड यांच्यामधली फट 'कोरलाइन'मध्ये नंतर संगणकाने पुसून टाकली. २०१५ च्या 'अ‍ॅनोमलिसा'त ती तशीच ठेवली. मी म्हणतो, ठेवावी. महालक्ष्म्यांचे मुखवटे धडावर बसवतात तेव्हा सांधा काय दिसत नाही? म्हणून कोणी हात जोडायचे थांबत नाही.

सध्या मी मायच्या तोंडाचे फोटो काढतो आहे. मोबाइल समोर धरला की ती पदर ओठांवर घेते. "माह्यं तोंड कायले पाह्यतं रे?" सातांपैकी पाच मिळाली आहेत. उ आणि ओ म्हणायला लावले की तिला हसू येते आणि गोल झालेले ओठ लगेच फाकतात.