राणीमुंगी आणि रविवारची वही

मृगाच्या पहिल्या सरी कोसळून गेल्या, की जळगाव-धुळ्याकडे संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे गोळा होतात. आपण दिवा मालवतो, खिडक्या लावतो आणि सकाळी केराबरोबर मूठभर पंख लोटून टाकतो. त्या पंखांतले बरेचसे वाळवीचे असतात. काही मात्र मुंग्यांच्या राण्यांचे असतात. संत मुक्ताबाईंचे स्थान असलेल्या आपल्या मुलखाला आकाशात झेपावणाऱ्या मुंगीचे रूपक नवे नाही. अभंगातला गूढार्थ सांगण्याचा माझा अधिकार नाही. जीवशास्त्रापुरते बोलायचे, तर बहुतेक जातींतली राणीमुंगी आयुष्यात एकदा खरोखरच उडते. त्या एका उड्डाणात तिचे मीलन होते, जमिनीवर उतरल्यावर ती आपले पंख स्वतःच मोडून टाकते आणि एखाद्या बिळात शिरून आतून दार लिंपून घेते. तिथून पुढे काय होते, हे आपल्याला घरात टेबलावर पाहता येते. या पंधरवड्याचा विषय तोच आहे.

रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी सोडून डॉक्टर मुंग्यांकडे कसे वळले, असे काही वाचकांना वाटेल. कारण सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या वृद्धांपैकी अनेकांची काळजी घरचे लोक मनापासून घेतात. गोळ्या वेळेवर, जेवण मऊ, अंथरूण स्वच्छ. मात्र त्या वृद्धाची गरज घरात कोणालाच उरलेली नसते. दिवसभर सगळे त्याच्यासाठी काही करत असतात आणि तो कोणासाठीच काही करत नसतो. ही अवस्था रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. भूक मंदावणे, झोप तुटणे, चिडचिड अशा वाटांनी ती दवाखान्यात येते.

दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत ६५ वर्षांवरील ९४ व्यक्तींचे दोन गट केले होते. एका गटाला आरोग्याच्या सल्ल्याबरोबर पिंजऱ्यातले रातकिडे सांभाळायला दिले, दुसऱ्याला नुसता सल्ला. आठ आठवड्यांनी रातकिडे सांभाळणाऱ्यांच्या उदासीनतेच्या मापनात थोडी सुधारणा आढळली. सुधारणा माफकच होती आणि कीटक वेगळा होता, तेव्हा मुंग्या पाळल्याने नैराश्य बरे होते असा अर्थ कोणी काढू नये. चालू असलेली औषधे तर मुळीच थांबवू नयेत. तरीही कुत्रा फिरवणे किंवा गाय राखणे ज्याला झेपत नाही, त्याच्या हाती एवढासा जीव सोपवण्यात अर्थ आहे, इतके म्हणायला मला ती चाचणी पुरेशी वाटते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे. नवख्याने आपल्या अंगणातला मोठा काळा मुंगळाच निवडावा. काही भागांत त्याला डोंगळा म्हणतात. त्याला नांगी नसते. तो चावतो आणि चावल्या जागी आम्ल सोडतो, त्याने चुरचुरते एवढेच. बारीक तांबड्या, डसणाऱ्या मुंग्यांच्या वाटेला जाऊ नये. मुंगळ्याची राणी दीड सेंटीमीटरपेक्षा मोठी, जाड छातीची असते आणि पंख गळाल्यावर पावसाळी रात्री वा पहाटे जमिनीवर एकटीच धावताना सापडते. वाळवीशी घोटाळा होऊ नये म्हणून खूण लक्षात ठेवा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ आणि कंबर नाहीच म्हणावी अशी. मुंगीच्या पुढच्या पंखांची जोडी लांब, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि कंबर अगदी बारीक. राणी शोधायला मात्र नातवंडांना धाडावे. पहिल्या पावसात शेवाळलेल्या गच्चीवर घसरून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी दर वर्षी पाहतो. त्यांत या कारणाने भर पडायला नको.

घर म्हणून एक परीक्षानळी पुरते. शाळा-महाविद्यालयांना प्रयोगसाहित्य पुरवणाऱ्या दुकानात ती मिळते. नळीचा तळाकडचा तिसरा हिस्सा पाण्याने भरावा, त्यावर कापसाचा घट्ट बोळा पाण्याला टेकेपर्यंत सरकवावा, पुढची जागा कोरडी ठेवावी, राणीला आत सोडावे आणि तोंडाशी दुसरा, जरा सैल बोळा लावावा. हात थरथरत असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर काचेऐवजी प्लास्टिकची नळी घ्यावी. बोळा दाबताना काच फुटली तर रक्त लवकर थांबत नाही. नळीवर लाल जिलेटीन कागद गुंडाळावा. मुंग्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने आत अंधार राहतो आणि आपल्याला मात्र दिसते. मग नळी कपाटाच्या एखाद्या शांत कप्प्यात आडवी ठेवावी. ऊन लागेल अशा खिडकीत किंवा थरथरणाऱ्या शीतकपाटावर ती नको.

यानंतरचे काम सर्वांत अवघड आहे, कारण त्यात काहीच करायचे नसते. राणीला खायला घालायचे नाही. तिला आता पंखांचा उपयोग नाही, म्हणून पंख हलवणारे छातीतले स्नायू हळूहळू विरघळतात आणि त्यातून व साठवलेल्या चरबीतून ती स्वतः जगते, पिलांनाही भरवते. अंडी खसखशीएवढी असतात. त्यांतून पांढऱ्या अळ्या निघतात, अळ्या स्वतःभोवती तपकिरी कोश विणतात आणि आपल्याकडच्या हवेत साधारण सहा ते आठ आठवड्यांनी कोशातून पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडतात. मृगात आणलेल्या राणीचे घर कानबाईच्या आगेमागे भरू लागते, असा हिशेब धरावा. या पहिल्या मुंग्या पुढे येणाऱ्यांपेक्षा लहान आणि मोजक्याच असतात. आईच्या अंगावरचे खाऊन वाढलेल्या त्या, मोठ्या कुठून होणार?

या काळात नळी आठवड्यातून एकदाच पाहावी. रविवार ठरवावा, भिंग घ्यावे, दोन मिनिटे पाहावे आणि वहीत तारीख, अंड्यांचा अंदाज, अळ्या, कोश यांची नोंद करून नळी परत ठेवावी. वारंवार हलवलेली, उजेडात आणलेली राणी भेदरते आणि स्वतःची अंडी खाऊन टाकते. (भिंगातून पाहताना मधोमध डाग दिसला किंवा नळीची सरळ कड वाकडी भासली, तर चष्म्याच्या दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञाकडे जावे.)

धुळ्याचे एक निवृत्त गृहस्थ माझे रुग्ण आहेत. घरचे त्यांना नाना म्हणतात. अर्धांगवायूनंतर त्यांची उजवी बाजू कमजोर राहिली. त्यांच्या नातवाने पावसात राणी आणून दिली. पंधरा दिवसांत सात-आठ अंडी दिसली आणि घरात आनंद झाला. त्या आनंदात नातू रोज नळी काढून मित्रांना दाखवू लागला. तिसऱ्या रविवारी अंडी नव्हती. महिनाभरात राणीही मेली. सूनबाईंनी मला दूरध्वनी केला, "डॉक्टर, दुसरी राणी मिळतेय. नाना झोपले की हळूच बदलून ठेवू का? त्यांना कळणार नाही." सूनबाई नानांचे सगळे मायेने करणाऱ्या आहेत आणि हा प्रश्नही मायेतूनच आला होता. मी त्यांना तसे करू दिले नाही. ज्या माणसाला आपण एखादा जीव सांभाळायला देतो, त्याला त्या जीवाचे मरण कळण्याचा अधिकार आहे. तो काढून घेतला, तर ती नळी म्हणजे लहान मुलाच्या हाती दिलेला खुळखुळा ठरतो.

नानांना सांगितले. ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, वहीत मृत्यूची तारीख लिहिली आणि खाली नातवासाठी एक ओळ: नळीला हात लावण्यापूर्वी मला विचारणे. पुढच्या पावसाळ्यात दुसरी राणी त्यांनी स्वतः मागून घेतली.

निसर्गातही बहुतेक राण्या घर वसण्याआधीच मरतात. काही राण्यांचे मीलनच झालेले नसते. त्यांनी अंडी घातली तरी त्यांतून फक्त नर निघतात आणि घर उभे राहत नाही. पाळणाऱ्याकडून काही न चुकताही अपयश येते, हे काळजी घेणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवावे.

कामकरी मुंग्या आल्या, की मग खाणे द्यायचे. टाचणीच्या डोक्याएवढा साखरपाण्याचा किंवा मधाचा थेंब आणि चिमुकला मेलेला किडा, आठवड्यातून एकदोनदा. फवाऱ्याने मारलेला डास चालत नाही. विष मुंग्यांच्या पोटात जाते. उरलेले दुसऱ्या दिवशी काढावे. कापसाला बुरशी आली वा पाणी संपले, तर मुंग्यांना ओतू नये. नवी नळी जुनीच्या तोंडाला तोंड लावून ठेवावी, नवीवर लाल कागद गुंडाळावा आणि जुनीवरचा काढावा. त्या आपणहून घर बदलतात. पळून जाऊ नयेत म्हणून आपल्या आज्यांचा उपाय अजून उत्तम आहे. दुधाचे पातेले जसे पाण्याच्या परातीत ठेवत, तसा नळीचा डबा परातीत ठेवावा. परातीतले पाणी मात्र दर तीन-चार दिवसांनी ओतून, परात घासून पुन्हा भरावे. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि पावसाळ्यात आठ-दहा दिवस त्याला पुरतात.

काही घरांत हा छंद नकोच. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या खोलीत नळी ठेवू नये. त्याला हलता येत नाही आणि सांगताही येत नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना गेलेली असते, मुंगी चावलेली कळत नाही आणि जखम चिघळते. अशांनी मुंग्या पाळोत वा न पाळोत, पाय रोज तपासलेच पाहिजेत. कोणत्याही मुंगीच्या दंशाने पूर्वी अंगभर गांधी उठल्या असतील, तर त्या व्यक्तीने दूर राहावे. दंशानंतर ओठ सुजणे, दम लागणे, घेरी येणे यांपैकी काहीही झाले, तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. मुंग्या मारण्याचा खडू ज्या घरात फिरतो, तिथे नळी जगत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या किंवा लहान मुलाच्या हाताला तो खडू लागणे तर त्याहून वाईट. मुंग्यांचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक सांगतो. लघवीला मुंग्या लागतात हे लक्षण आपल्या प्राचीन वैद्यांनीही ओळखले होते. आज मात्र मुंग्यांची वाट पाहू नये. त्या लागल्या नाहीत म्हणजे साखर ठीक आहे असे होत नाही. रक्त तपासावे.

नानांना मी ज्यांची हकीकत सांगितली, ते ऑग्युस्त फोरेल आमच्याच व्यवसायातले. स्वित्झर्लंडचे हे मनोविकारतज्ज्ञ झुरिकच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते आणि त्यांनी जन्मभर मुंग्यांचा अभ्यास केला. मुंबई इलाख्यातील रॉटन नावाचे वन अधिकारी त्यांना इकडच्या मुंग्या पाठवत. पुण्यात मिळालेल्या एका मुंगीला फोरेल यांनी रॉटन यांचे नाव दिले. भारत आणि सिलोनच्या मुंग्यांवरची त्यांची लेखमाला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात छापली गेली. १९१२ साली फोरेल यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू निकामी झाली. ते डाव्या हाताने लिहायला शिकले. मुंग्यांच्या समाजजीवनावरचा त्यांचा पाच खंडांचा ग्रंथ त्यानंतरचा, १९२१ ते १९२३ या काळातला. नानांनी हे ऐकून विचारले, "पाच खंड? डाव्या हाताने?" आणि आपल्या वहीकडे पाहून हसले.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कामकरी मुंग्या अल्पायुषी असल्या, तरी राणी फार जगते. इंग्लंडच्या जॉन लबक यांनी पाळलेली एक राणी जवळपास १५ वर्षे जगली. युरोपातल्या बागेत आढळणाऱ्या एका काळ्या मुंगीच्या राणीची पाळलेल्या अवस्थेतली नोंद २८ वर्षांवर आहे. आपल्या मुंगळ्याची राणी तितकी टिकेल असे नाही. तरीही पंचाहत्तरीत हे काम हाती घेणाऱ्याने वारस नेमून ठेवावा. सांभाळणे कोणालाच जमणार नसेल, तर जिथून राणी आणली त्याच अंगणात, पावसाळ्यात, झाडाच्या बुंध्याशी नळीचा बोळा काढून ठेवावा. मुंग्या आपली वाट शोधतात. परगावच्या किंवा परदेशी जातीच्या मुंग्या विकत आणू नयेत आणि आणल्याच असतील, तर त्या कधीही बाहेर सोडू नयेत.

नानांच्या वहीच्या पहिल्या पानावर आता नातवाचे नाव आहे आणि त्यापुढे कंसात लिहिले आहे: फक्त रविवारी.