सोनोग्राफी टाळू नये, गर्दी टाळावी
२२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. अकोल्याच्या बाजारपेठेतही शुकशुकाट पसरला. दुकान आठवडाभर बंद ठेवता येते, गर्भाची वाढ मात्र थांबत नाही. संसर्गाच्या भयाने सुनेची सोनोग्राफी पुढे ढकलणे हिताचे नाही. गर्भातील व्यंग शोधणारी तपासणी साधारणतः अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात करतात. विलंब झाल्यास उपचार व निर्णय यांसाठी अवधी उरत नाही. वेळ आधी ठरवून घ्यावी, सोबत एकच व्यक्ती असावी, मुखपट्टी नाकावर राहावी. ताप-खोकला असल्यास केंद्राला दूरध्वनीने आधीच कळवावे. प्रत्येक रुग्णेनंतर प्रोब व खाट निर्जंतुक केली जाते का, हे विचारण्यात संकोच नसावा; तो मातेचा हक्कच आहे.